शिवाशिवी, साखळी, विषामृत : लेकरांना रोज तासभर पळू द्या

शाळेला सुट्टी लागली की या पानासाठी आमच्याकडे येणारी तक्रार ठरलेली असते. "पोरगं दिवसभर मोबाईल घेऊन बसतं. डोळे चोळतं, जेवत नाही, रात्री लवकर झोपत नाही. काहीतरी औषध सांगा." औषध आहे. ते मेडिकलमध्ये मिळत नाही, त्याला पैसे पडत नाहीत, आणि आपण सगळ्यांनी ते लहानपणी पोटभर घेतलेले आहे. शिवाशिवी, साखळी, विषामृत, डोंगर-पाणी, लंगडी, खो-खो ही त्या औषधाची नावे.

या सगळ्या खेळांचे मूळ एकच. एकावर राज्य येते, तो बाकीच्यांना शिवायला धावतो आणि बाकीचे चुकवत पळतात. कुठे याला शिवणापाणी म्हणतात, कुठे पकडापकडी. शेजारच्या खोलीत उत्तरेकडचे कुटुंब राहत असेल तर त्यांची मुले आपल्या विषामृताला बर्फ-पानी म्हणतील आणि डोंगर-पाण्याला ऊंच-नीच. नाव वेगळे, पळणे तेच. या खेळांना बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही, मैदानाचे भाडे लागत नाही. म्हणूनच वस्तीतल्या मुलांना हे खेळ सर्वांत आधी परवडतात. आणि ते बंद पडले तर नुकसानही वस्तीतल्या मुलांचेच सर्वांत आधी होते, कारण आपल्याकडे त्यांच्या बदली क्लब नाही, पोहण्याचा तलाव नाही.

अंगात काय घडते?

शिवाशिवीत मूल एकसारखे धावत नाही. दहा-पंधरा सेकंद जीव तोडून पळते, थांबते, दम खाते, वाकून हुलकावणी देते, पुन्हा पळते. हृदय हाही एक स्नायूच आहे. असे जोराचे काम आणि थोडी विश्रांती आलटून पालटून मिळाली की तो बळकट होतो आणि एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागतो. फुप्फुसे खोलवर हवा घ्यायला शिकतात. पळणारे स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि शरीरातले इन्शुलिन जास्त चांगले काम करते. आपल्या घराघरांत आज साखरेची आणि बीपीची गोळी खाणारी माणसे आहेत. त्या आजारांपासून बचावाची सुरुवात चाळिशीत नाही, आठव्या-नवव्या वर्षी गल्लीतच होते.

हाडांचेही तसेच. उडी मारली, पाय आपटला, झटकन वळले की हाडावर दाब पडतो, आणि दाब पडला की शरीर त्या जागी हाड अधिक घट्ट बांधते. माणसाच्या हाडांचा बहुतेक साठा अठरा-वीस वर्षांपर्यंत तयार होतो. पुढे आयुष्यभर त्यातूनच खर्च होतो. डोंगर-पाण्यात पायरीवर चढणे-उतरणे, लंगडीत एका पायावर उडणे, खो-खोत बसल्या जागेवरून झेप घेणे, हे सगळे त्या साठ्यात भर घालते. लंगडीचा सराव मात्र दोन्ही पायांवर आळीपाळीने करायला सांगा.

आता डोळ्यांचे. बाहेरच्या भरपूर उजेडात रोज वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचे न दिसण्याचा चष्मा लागण्याचा धोका कमी असतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. तैवानमध्ये २०१० पासून शाळांनी मुलांना दिवसातून दोन तास बाहेर उजेडात नेण्याची मोहीमच घेतली. पत्र्याच्या अंधाऱ्या खोलीत मोबाईलवर खिळलेल्या डोळ्यांना हा उजेड मिळत नाही.

आणि झोप. दिवसा दमलेले मूल रात्री पाठ टेकताच झोपते. चांगली झोप झाली की सकाळी चिडचिड कमी होते आणि शाळेत लक्ष लागते.

रोज किती खेळावे?

जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे मार्गदर्शन असे आहे : ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोराची हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस हाडे-स्नायू बळकट करणारी जोराची हालचाल असावी. मध्यम हालचाल म्हणजे मुलाला बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. जोराची म्हणजे दोन-चार शब्दांतच दम लागतो. शिवाशिवीत या दोन्ही गोष्टी आपोआप होतात. तास एकदम मिळाला नाही तरी चालेल. शाळेच्या मधल्या सुट्टीत वीस मिनिटे आणि संध्याकाळी चाळीस, असेही जमते.

याच संघटनेने २०१६ ची जगभरची आकडेवारी मांडली तेव्हा ११ ते १७ वयाची १०० पैकी ८१ मुले इतकीही हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ होते. तेव्हा आपल्या पोरालाच आळशी म्हणून उपयोग नाही. मोबाईल हिसकावून घेतला आणि बाहेर खेळायला जागा नाही, सोबतीला कोणी नाही, तर मूल परत मोबाईलकडेच जाणार. आधी खेळ उभा केला पाहिजे.

जागा कुठून आणायची?

"साहेब, पाय ठेवायला जागा नाही, पोरं पळणार कुठे?" हा प्रश्न खरा आहे. वस्तीत पूर्वी ज्या मोकळ्या पट्ट्यात मुले खेळायची तिथे आता दुचाक्या उभ्या असतात. विहाराच्या पटांगणात मंडपाचे बांबू पडलेले असतात. रोज दोन तासांसाठी एवढी जागा मोकळी करणे मोठ्या माणसांच्या हातात आहे. संध्याकाळी साडेपाच ते सात विहारासमोर गाडी लावायची नाही, असे वस्तीने मिळून ठरवले तर त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

अरुंद बोळ असेल तर खेळ बदला. चार-पाच हात रुंदीत लंगडीची शिवाशिवी छान होते, कारण कोणी सुसाट धावतच नाही. विषामृताला थोडी जागा पुरते. ज्याच्यावर राज्य त्याने शिवले की विष, मूल जागच्या जागी थिजते. सोबत्याने शिवले की अमृत, ते सुटते. एका पायावर थिजायचे ठरवले तर तोल सांभाळण्याचा व्यायामही होतो. पटांगण मिळाले तर साखळी घ्या. शिवलेला प्रत्येक जण राज्य असलेल्याचा हात धरतो आणि साखळी लांबत जाते. साखळी तुटली की शिवणे बाद, म्हणून सर्वांत हळू पळणाऱ्याच्या पायाशी सगळ्यांना पाय जुळवावा लागतो.

काही जागा मात्र ठामपणे नाही म्हणा : रेल्वेचा रूळ, मोठा रस्ता, पत्र्यांची छते, उघडे गटार, बांधकामाचा खड्डा, विजेचा खांब. खडूने किंवा विटेच्या तुकड्याने हद्द आखून द्या. खेळाआधी एका मोठ्या माणसाने जागा झाडून काचा, खिळे, तारा उचलाव्यात. चपला घालून पळताना पाय मुरगळतो. बूट असतील तर उत्तम. जिथे माती घाण आहे, लोक उघड्यावर शौचाला बसतात, तिथे अनवाणी खेळू देऊ नका, कारण आकडे-जंत तळपायाच्या कातडीतून अंगात शिरतात.

मुलगी दहा वर्षांची झाली की खेळ का सुटतो?

आता थोडे आपल्याच घरात बघू. सात-आठ वर्षांपर्यंत मुलगा-मुलगी सोबत पळतात. मुलगी दहा-अकराची झाली की पाण्याचे हंडे, भांडी आणि लहान भाऊ तिच्याकडे येतो. पाळी सुरू झाली की "आता धावणं शोभत नाही." म्हणजे हाडांचा साठा भरण्याच्या ऐन वर्षांत तिचे पळणे थांबते. हाच साठा पुढे बाळंतपणात आणि म्हातारपणी तिच्या कामी यायचा असतो.

पाळीत पळू नये याला वैद्यकीय आधार नाही. पोटात फार दुखत असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी. नसेल तर हालचालीने कळ कमीच होते. कापड किंवा पॅड वेळेवर बदलावे, इतकेच. रक्तस्राव खूप होत असेल किंवा दर महिन्याला शाळा बुडण्याइतके दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आईची दुसरी भीती छेडछाडीची. ती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय मुलीला घरात कोंडणे हा नाही. दोन आयांनी आळीपाळीने ओट्यावर बसावे. भाजी निवडायची ती तिथेच निवडावी. संध्याकाळचे पाणी भावाने भरावे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या महिला व पुरुष दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. आपल्या प्रत्येक लेकीने विश्वचषक आणावा असे आम्ही म्हणत नाही. तिने वयाच्या अकराव्या वर्षी पळणे सोडू नये, एवढेच म्हणतो.

खेळ बघता बघता लेकराची तपासणी

ओट्यावर बसलेल्या आईला डॉक्टरांच्याही आधी काही गोष्टी दिसतात, फक्त नीट बघितले पाहिजे.

चार पावले पळून बसणारे मूल. त्याला "रडका" म्हणू नका. त्याच्या पापणीचा आतला भाग, जीभ, नखे फिकट आहेत का बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या १०० पैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत हा आकडा ६७ होता. ५ ते ११ वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलाचे १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असे समजतात. शाळेत आणि अंगणवाडीत लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. लहान मुलांना गुलाबी आणि दहा वर्षांवरील मुलांना निळी, आठवड्याला एक. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर नाही. जंताची गोळीही वेळच्या वेळी घ्या.

पळाल्यावर खोकला येणारे, छातीत शिट्टी वाजणारे मूल. हा दमा असू शकतो. त्याचा खेळ बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. औषध नीट घेतले तर दम्याचे मूलही पळते.

पळता पळता उकिडवे बसणारे आणि ओठ-नखे निळसर होणारे मूल, किंवा धावताना चक्कर येऊन पडणारे मूल. हे हृदयाच्या दोषाचे लक्षण असू शकते. इथे थांबू नका. लगेच सरकारी रुग्णालयात न्या.

समोर आलेला सोबती न दिसणारे, सारखे धडकणारे मूल. डोळे तपासा. मागून हाक मारली तर न वळणारे मूल. कान तपासा.

यासाठी खासगी दवाखान्यात पैसे घालायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत त्यात मोफत तपासणी होते, आणि दोष सापडला तर पुढच्या उपचारासाठी पाठवतात. पथक कधी येणार ते आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना विचारा, आणि त्या दिवशी मुलाला शाळा बुडवू देऊ नका.

राज्य कोणावर?

या खेळाच्या नावापाशी आम्हाला थोडे थांबायचे आहे. शिवणे म्हणजे स्पर्श करणे. हाच शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी वेगळ्या अर्थाने सोसला. शिवाशिव म्हणत त्यांना पाणवठ्यापासून, ओट्यापासून, शाळेतल्या बसकरापासून दूर ठेवले. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की लहानपणी शाळेत त्यांना कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. काही घरांत म्हणूनच वडीलधाऱ्यांना शिवाशिवी हे नाव रुचत नाही. त्यांच्या मनातली सल आम्ही समजतो. पकडापकडी म्हणा, बिघडत काही नाही.

पण खेळाचा नियम नीट पाहा. जातीच्या शिवाशिवीत डाग जन्मभर एकाच माणसावर ठेवला होता. खेळातल्या शिवाशिवीत राज्य क्षणभर एकावर असते आणि पुढच्या स्पर्शाला दुसऱ्यावर जाते. उंच-सखल जागाही कुणाची कायमची नसते. विषामृतात तर ज्या स्पर्शाने अडकलो, तशाच स्पर्शाने सोबती सोडवतो. लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. तो पळतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. इतका शहाणा नियम मुलांनी आपला आपण केला आहे.

हा नियम मोडतो तेव्हा मात्र लक्ष द्यावे लागते. दर डावात राज्य एकाच मुलावर लादले जाते का? एखाद्या मुलाला शिवायलाच कोणी जात नाही का? खेळात उभे असूनही ज्याला कोणी शिवत नाही, ते मूल घरी येऊन पोट दुखते म्हणते, शाळेला जायला नको म्हणते. पोटात दोष नसतो, मनावर घाव असतो. असे शाळेच्या मैदानावर जातीवरून घडत असेल तर मुलाला "तूच लांब राहा" असे सांगू नका. त्याचे ऐकून घ्या, वर्गशिक्षकांना भेटा, गरज पडली तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. आणि आपल्या वस्तीत आपली मुले हेच कुणाला करत नाहीत ना, तेही बघा. परराज्यातून आलेले, बोलताना अडखळणारे, पायाने अधू असलेले, जाड असलेले मूलही खेळात आले पाहिजे. पायाने अधू मुलासाठी डावात सगळ्यांनी लंगडी घातली की खेळ बरोबरीचा होतो.

ऊन, पाऊस आणि खरचटणे

उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार खेळ नको. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. खेळाआधी आणि खेळानंतर पाणी प्यायला लावा. मूल गरगरले, अंग तापले, असंबद्ध बोलू लागले तर सावलीत झोपवा, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. शाळेतून आलेल्या मुलाला उपाशीपोटी पळू देऊ नका. अर्धी भाकरी, गूळ-शेंगदाणे, फुटाणे, केळे, यातले काहीही पाकिटातल्या कुरकुरीत पदार्थापेक्षा चांगले.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात खेळ नको. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पायावर जखम असेल तर धोका वाढतो. अशा पाण्यातून गेल्यावर दोन-चार दिवसांत किंवा पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना ती गोष्ट आवर्जून सांगा.

खरचटले तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवा. चुना, राख, माती, तंबाखू लावू नका. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी केंद्रात मोफत देतात. ती राहिली असेल तर आत्ताच घ्या. जखम खोल असेल, हाताला-पायाला बाक आला असेल, डोक्याला मार लागून उलटी होत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका.

हे सगळे वाचून मोठे शिबिर भरवायची गरज नाही. येत्या रविवारी विहारात लोक जमतील तेव्हा एवढेच ठरवा : गाड्या कुठे लावायच्या, झाडायचे कोणी, ओट्यावर कोणी बसायचे. मग आजी-आजोबांना म्हणा, पोरांना त्यांच्या वेळची शिवाशिवी आणि आट्यापाट्या शिकवा. पहिल्या दोन संध्याकाळी तुम्हीही डावात उतरा. गुडघे साथ देत नसतील तर लिंबूटिंबू म्हणून उतरा. तिसऱ्या दिवशी मुले आपली आपण बोलवायला येतील.